माझ्या नावात दोनदा

रात्रीचं जेवण आटोपलं की आरसा टेबलावर येतो,
मिठाच्या बरणीला टेकून उभा राहतो.
बाईंनी वहीत लिहून दिलंय:
रोज दहा मिनिटं. घाई नको. रागावणं तर नकोच.
रागावणं या शब्दाखाली दोन रेघा.
त्या कुणासाठी, ते मला कळतं.

ओतिल्का खुर्चीवर गुडघे मुडपून बसते.
आधी जीभ गरम करायची,
नाकाकडे, हनुवटीकडे,
मग वरच्या दातांमागच्या खडबडीत पायरीवर
बिस्किटाचा कण चिकटवायचा
आणि जिभेच्या टोकानंच तो काढायचा.
हे तिला आवडतं. बिस्किटं फार लवकर संपतात.

मग त-द-त-द-त-द, भरभर,
कडाक्याच्या थंडीत चालू न होणाऱ्या गाडीसारखं.
कधीतरी त्यातून र सुटतो,
काचेवर अडकलेल्या माशीएवढा.
तो नाताळातच साधला.
आता त्याच्या पुढचं, आमच्या भाषेतलं हट्टी अक्षर:
र थरथरत असतानाच दात जवळ आणायचे
आणि त्याच श्वासात झ घासायचा,
दोघांना एका दारातून, एकाच वेळी.
र्झ.
आमच्या नदीत तो आहे. तीनात आहे. मिरीत आहे.
समुद्रातही आहे,
आणि आमच्या देशाला तर समुद्रच नाही.

"बाबा, तू म्हणून दाखव."

माझं नाव र्झेहोर्झ.
आजोबांचं ठेवलं, हौसेनं.
त्यात तो सुरुवातीला आहे, शेवटी आहे,
आणि मी मध्ये अडकलेला.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
माझ्या जिभेत कुठेतरी एक राहून गेलं असावं.
मी लिफ्ट दुरुस्त करतो.
अडकलेली माणसं आतून विचारतात, कोण आहे बाहेर?
मी आडनाव सांगतो. मालेक.
तेवढ्यावर त्यांचं भागतं.

म्हणून ब्लांकाचा आवाज फोनमध्ये भरून ठेवलाय.
रात्रपाळीला निघता निघता तिनं म्हटलेले वीस शब्द,
बाराव्या शब्दानंतर तिची शिंक.
मी बटण दाबतो.
ओतिल्का शिंकेची वाट बघते, खिदळते,
मग आरशात बघून फुंकते. आरसा धुरकटतो.
झ येतो, नुसता झ.
नाहीतर र येतो आणि झ मागून,
दोघे वेगवेगळ्या बसनं आल्यासारखे.
"पुन्हा," मी म्हणतो. हळू. त्या दोन रेघा आठवून.

मार्चातल्या एका रविवारी आम्ही अक्रोड फोडत होतो.
एक निसटला, घरंगळत कपाटाखाली गेला
आणि ती ओरडली त्याच्यामागे:
ओर्झेख!
आमच्या भाषेतला अक्रोड. अख्खा. कवचासकट.
दात जवळ, जीभ थरथरती, दोघे एका दारातून.

तिला पत्ताच नाही.
पालथी पडून ती कपाटाखाली हात घालत होती,
केसांत जळमट, एक मोजा निघालेला.
मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर ती धावत आरशापाशी गेली असती
आणि तो लाजून परत आत गेला असता.
मी पुढचा अक्रोड उचलला
आणि मुद्दाम सैल धरला.

गुरुवारी बाईंकडे जायचं म्हणून वही उघडली.
तिच्या चौकोनांत रंगवलेले भुंगे, सत्तेचाळीस.
त्याखाली पेन्सिलीनं आखलेली एक नवी ओळ, वाकडी,
आणि ओळीच्या सुरुवातीला: बाबा.
दहा चौकोन. सगळे कोरे.

मी विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही.
ती झोपली आहे, ब्लांका कामावर गेली आहे,
आरसा अजून बरणीला टेकून आहे,
त्यात माझा अर्धाच ओठ दिसतो.
बिस्किटं संपली आहेत.
पावाचा कण चालेल बहुतेक.